तेलाच्या वाळूवरचा शेवटचा टोला

पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःची हकीकत लिहिणाऱ्याने वाचकांचा वेळ मागावा हे धाडस आहे, आणि धाडस माझ्या स्वभावात नाही. सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या कचेरीत टपाल लावणे आणि इंग्रजी पत्रे टाइप करणे हे काम मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ केले. संस्कृत घेऊन बी. ए. झालो होतो, वाचन बरे होते, परंतु माझ्या नावाने आजवर एक ओळही छापलेली नाही. त्यातून ज्या खेळाविषयी लिहायचे तो गोल्फ मी जन्मात कधी खेळलो नाही; चेंडू एकदा हातात घेऊन पाहिला, इतकेच. एवढे वाचून कोणी पान उलटले तर माझी तक्रार नाही. जे थांबतील त्यांना प्रथमच सांगतो, की ही हकीकत हेव्याची आहे आणि हेवा करणारा मी आहे. ज्याचा हेवा केला त्या मित्राचे गावातले नाव एके दिवशी माझ्या एका शब्दावर अवलंबून होते. तो शब्द मी बोललो नाही.

आमच्या गिरणीचे मॅनेजर स्कॉटलंडचे. शहराबाहेरच्या माळावर त्यांनी आणि इतर गोऱ्या अंमलदारांनी गोल्फचे मैदान आखून घेतले होते. मैदान म्हणायचे ते केवळ मान राखण्यासाठी. मुरूम, कुसळे आणि मधूनमधून तरवडाची झुडपे, एवढाच त्याचा ऐवज. गोट्यांच्या खेळात करतात तशी, पण मूठ सहज आत जाईल एवढी गल नऊ ठिकाणी खणून तीत पत्र्याचा डबा बसवला होता. काठीच्या कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या गलीत घालावयाचा, हा सारा खेळ. विलायतेत गलीभोवती गालिच्यासारखे गवत राखतात. आमच्या माळावर गवत टिकते कुठले? म्हणून गलीभोवती चाळलेल्या वाळूचे मोठे वर्तुळ करीत आणि वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून तीत इंजिनातले जुने तेल कालवीत. हे वर्तुळ राखायला एक म्हातारा धनगर होता. त्याच माळावर त्याच्या वडिलांची मेंढरे चरलेली. तो त्या वर्तुळाला 'खळं' म्हणे. पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो.

खळ्यावर माणसांची पावले उमटत. म्हणून चेंडू खळ्यावर आला की म्हातारा काठीला बांधलेले गोणपाट चेंडूपासून गलीपर्यंत एकदा ओढून नेई. वाट सपाट होई, मग साहेब टोला मारी. ही सवलत फक्त आमच्या माळापुरती होती. जिथे गवत असेल तिथे चेंडूच्या वाटेला हात लावणे हा खेळातला गुन्हा धरतात. मला हे पक्के ठाऊक होते, कारण क्लबच्या फळीवर लावायची या नियमाची सूचना मीच टाइप केली होती, आणि साहेबांनी ती माझ्याकडून तीनदा करून घेतली होती.

साहेबांकडे विलायतेची वृत्तपत्रे बोटीच्या टपालाने येत. वाचून झाली की ती माझ्या टेबलाखाली पडत. दुपारच्या सुट्टीत मी त्यांतली गोल्फची पाने वाचू लागलो, प्रथम भाषेच्या गोडीने आणि पुढे एका माणसासाठी. तो एका गवंड्याचा मुलगा, पोटासाठी गोल्फ खेळणारा. एके काळी तिथली सगळी मोठी बक्षिसे त्याने घेतली होती. मग त्याचा हात एकाएकी बिघडला. दोनशे यार्डांचा टोला दोरी लावल्यासारखा सरळ जाई, पण गलीपासून हातभर अंतरावर चेंडू आला की त्याचे मनगट थरथरे आणि चेंडू बाजूने निघून जाई. टीकाकार दर हंगामात त्याला निरोप देत होते.

हे मी ज्याला सांगितले तो माझा मित्र. माल रवाना करण्याच्या खात्यात तो कारकून होता, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मी त्याला 'तू' म्हणत असे, तो मला 'अण्णा' म्हणे. माझ्या टेबलाशी डबा घेऊन बसे आणि विचारायला त्याला कधी लाज वाटत नसे. मला आयुष्यभर वाटत आली.

"हातभर, अण्णा? हातभर अंतर, आणि चुकतो?"

"चुकतो. डॉक्टरांनी मनगट तपासले. दोष काही सापडत नाही."

"सापडेल कसा? दुखणं मनगटात नाहीच. लोक बघतात, त्याचं दुखणं आहे ते." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "लांबून मारताना लोक दूर असतात. गलीपाशी सगळे गोळा होऊन श्वास धरतात. माझाही हात हलला असता की."

मी तीन महिने त्या माणसाविषयी वाचत होतो आणि हे मला सुचले नव्हते. चारचौघांत उत्तर देताना माझा स्वतःचा आवाज कापतो. मला तर ते सर्वांआधी सुचायला हवे होते. माझ्या हेव्याचा आरंभ त्या दुपारचा.

दुसऱ्या एका दिवशी मी त्याला सांगितले, की पोटासाठी खेळणाऱ्यांना तिथल्या क्लबांत पुढच्या दाराने आत घेत नाहीत. त्याचा घास हातातच राहिला. "जिंकला तरी?" "जिंकला तरी." पंधरा दिवसांनी गावातल्या साप्ताहिकात त्याचा लेख आला. त्यात ते मागचे दार होते, हातभराचा चेंडू होता, आणि खेळाडूला त्याने सरळ पैलवान केले होते. टोल्यांना डावांची नावे, हंगामाला फड, टीकाकारांना वस्ताद. मी स्वतः गोल्फसाठी 'गर्तकंदुक' हा शब्द सिद्ध करून वहीत लिहून ठेवला होता. त्याच संपादकांकडे त्याच खेळावरचा माझा एक निबंध सहा महिन्यांपूर्वी पाठवला होता. तो परत आला, तेव्हा वर लिहिले होते, 'अभ्यासपूर्ण. परंतु आपल्या वाचकांस जड.'

लेख दर शनिवारी येऊ लागला. नवी पेठेत एक कापडाचे दुकान होते. तिथे शनिवारी संध्याकाळी मालक स्वतः चष्मा लावून तो मोठ्याने वाचीत आणि गादीवर दहावीस मंडळी जमत. सराफ असत, शाळामास्तर असत, मागावरून सुटून आलेले विणकर असत. ज्यांनी गोल्फची काठी जन्मात पाहिली नव्हती ते त्या विलायतेतल्या पैलवानाविषयी भांडत. मीही कडेला बसून ऐके. माझ्याच तोंडची माहिती, त्याच्या वाक्यांत बसून, लोकांच्या टाळ्या घेत होती. कोणी माझ्याकडे पाहून "तुम्हाला कळतो का हो हा खेळ?" असे विचारले, तर मी "थोडासा" म्हणे.

तो पैलवान पुन्हा उठणार की नाही, यावर आमचा दोघांचा मतभेद होता. मित्र लेखामागून लेखात लिही, की उठणार. मी त्याला आकडे दाखवून सांगे, की या वयात हात परत येत नाही. खरे सांगायचे तर त्या परक्या माणसाचा हात परत येऊ नये, असे मला वाटू लागले होते. त्याच्या हरण्याची बातमी आली की माझी दुपार चांगली जाई.

सदराच्या तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला होता. एका शुक्रवारी मुंबईच्या दैनिकात विलायतेची दोन ओळींची तार आली: तो जिंकला होता, आणि शेवटच्या गलीवर बारा हातांवरून चेंडू घालून जिंकला होता. याहून अधिक एक अक्षर नव्हते. सविस्तर हकीकत बोटीने येणार, म्हणजे तीन आठवडे. माझा मित्र कचेरीच्या जिन्यावरून धावत आला.

"अण्णा! घातला! बारा हातांवरून घातला! आता बोला!"

"चांगले झाले," मी म्हणालो.

"चांगलं झालं? अहो, नाचा की जरा!"

शनिवारचा अंक त्या तारेशिवाय निघाला, कारण छपाई झालेली होती. पुढच्या अंकासाठी आठ दिवस होते, आणि तीन आठवडे थांबायला तो तयार नव्हता. शेवटचा टोला कसा बसला असेल हे पाहायला तो त्याच संध्याकाळी माळावर गेला. म्हाताऱ्याने त्याला खळे दाखवले, गोणपाट दाखवले, ते ओढूनही दाखवले. दुसऱ्या साहेबांचा खेळ चालू होता, तोही त्याने पाहिला. बुधवारी दुपारी तो मजकूर घेऊन माझ्या टेबलाशी आला. छापायला देण्याआधी प्रत्येक लेख तो मला दाखवीत असे.

मजकूर सुंदर होता. हे आज लिहितानाही मला जड जाते. शेवटचा भाग असा होता: 'पैलवानाने चेंडूकडे पाहिले, गलीकडे पाहिले, आणि हात वर केला. त्यासरशी गोणपाटवाला पुढे झाला. तेलाच्या वाळूवरून त्याने एकदाच गोणपाट ओढले, आणि नव्या नवरीच्या भांगासारखी वाट समोर उघडली. आता वाट होती, चेंडू होता, आणि तो हात होता.'

मी तिथे थांबलो. विलायतेत वाळू नव्हती, तेल नव्हते, गोणपाट नव्हते. तिथे गालिच्यासारखे गवत होते, आणि त्या गवतावरची वाट अशी कोणाकडून साफ करून घेतली असती तर त्या माणसाचा टोला दोषी ठरला असता. माझ्या मित्राने ज्याला तीन वर्षे उचलून धरले, त्यालाच जिंकण्याच्या क्षणी नियम मोडायला लावले होते. सोलापूरच्या माळाखेरीज दुसरे मैदान न पाहिलेल्या माणसाकडूनच अशी चूक व्हावी. एका शब्दाचे काम होते. "गोणपाट काढ," एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

"कसं वाटतंय, अण्णा? भांगाचं जास्त होतंय का? आमच्या घरी वाचून दाखवलं तर हसतच सुटली मंडळी. पण मला वाटतं राहू द्यावं. तुम्हाला काय वाटतं?"

"राहू दे," मी म्हणालो. "ठीक आहे."

पुष्कळदा मी स्वतःला सांगून पाहिले, की त्याच्या बडबडीत माझे लक्ष नव्हते. लक्ष होते. कागद परत देताना माझा हात कापला नाही, हेही मला आठवते.

शनिवारी दुकानात जागा नव्हती. लोक पायऱ्यांवर उभे होते. मालकांनी भांगाची ओळ दोनदा वाचली. एका विणकराने डोक्याचे पागोटे काढून मांडीवर आपटले. मित्राला कोणीतरी गादीवर मधोमध नेऊन बसवले. मी कडेला बसून पुढच्या शनिवारची वाट पाहू लागलो, कारण गावात विलायतेस राहून आलेले एक वकील होते आणि ते साप्ताहिक घेत असत.

त्यांचे पत्र पुढच्याच अंकात आले. छोटे होते आणि सभ्य होते. आपल्या लेखकाने एका प्रामाणिक खेळाडूस ऐन विजयाच्या वेळी लबाडी करावयास लावली आहे. तिकडे गवत असते, वाळू नसते. आपले गोणपाट आपल्या माळावरच असू द्यावे, असा मजकूर. ते पत्रही मालकांनी मोठ्याने वाचले. लोक हसले.

मित्र आत आला तेव्हा मालक म्हणाले, "या, या! गोणपाट आणलंत ना? बसायच्या आधी गादीवरनं एकदा फिरवा."

"आमच्या मागावर पण या की एकदा," एक विणकर म्हणाला. "धागा लई तुटतोय. तुमी ओढलं की सरळ येईल."

तो हसला. दुसऱ्या शनिवारीही हसण्याचा प्रयत्न केला. रस्त्यात भेटणारे लोक हाताने गोणपाट ओढल्याची नक्कल करू लागले. तिसऱ्या शनिवारी तो दुकानात आला नाही आणि त्या अंकात त्याचा लेखही नव्हता.

त्याने मला दोष दिला असता तर बरे झाले असते. मी त्यासाठी उत्तर तयार ठेवले होते. तो नेहमीसारखा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "अण्णा, एक सांगायचं राहिलं. संपादकांना मी सांगून टाकलंय, की हा लेख तुम्ही पाहिला नव्हता."

"असे का सांगितलेस?"

"तुम्हाला कशाला ओढायचं यात? तुम्ही वाचत होता तेव्हा मी सारखा बडबडत होतो. कुणाचं लक्ष लागेल? चूक माझीच."

जी सबब मी स्वतःसाठी बनवली होती तीच त्याने आपणहून मला दिली. त्याला संशय शिवला नाही. माणसावर संशय न घेता जगता येते, हेही त्याच्याच वाट्याला आले होते, आणि त्याचाही मला हेवा वाटला. तो समोर बसून जेवत होता. मी पाणी प्यालो आणि कामाला लागलो.

महिन्याभराने संपादक माझ्या घरी आले. "अहो, सदर बंद पडलंय. लोक विचारतात. तुम्ही पदवीधर माणूस, इंग्रजी चांगलं. नाव नको घालायला, पण चार अंक चालवा."

नाही म्हणावे असे वाटत असताना मी हो म्हणालो. चार लेख लिहिले. प्रत्येक शब्द पारखून घेतलेला, प्रत्येक नियम तपासलेला. वकिलांनाही बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्या शनिवारी मी दुकानात गेलो. मालकांनी दहा ओळी वाचल्या, चष्मा पुसला, आणखी चार वाचल्या आणि अंक शेजारच्याकडे दिला.

"ह्यात पैलवान कुटं हाय?" तोच विणकर म्हणाला. "मेला का काय?"

"असेल पुढं," कोणीतरी म्हणाले.

"पुढं बी न्हाय. मी बघितलं, पुढं जाहिरात हाय."

चौथा लेख देऊन मी संपादकांना प्रकृतीचे कारण सांगितले.

दिवाळीनंतर एका दुपारी माझा मित्र पुन्हा मजकूर घेऊन आला. "लिहिलंय, अण्णा. या वेळी नीट वाचा. मी बोलणार नाही." आणि खरोखरच तोंडावर हात ठेवून तो बसला.

वकिलांचे पत्र घेऊन तो माळावर गेला होता आणि म्हाताऱ्याला ते वाचून दाखवले होते. म्हाताऱ्याचे उत्तर त्याने जसेच्या तसे उतरवले होते: 'तितं गवत हाय म्हणून ऐट हाय. हितं ये म्हणावं एकदा. कुसळं टोचली आन् वाऱ्यानं डोळ्यांत वाळू गेली, की गोणपाट कशाला लागतंय त्ये कळंल. आन् तुमी बी लई शाणं, पावणं. मला इचारलं न्हाय, तितं गोणपाटवाला हाय का म्हणून. मी सांगितलं असतं, माझ्यासारका मीच.' पुढे त्याने आपली चूक सांगितली होती, कोणाच्याही मागे न लपता, आणि त्या विलायतेतल्या खेळाडूची क्षमा मागितली होती. तीन वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर हातभराचा चेंडू चुकवीत राहणे म्हणजे काय असते, हे मला आता गोणपाटाने शिकवले, असे त्याने लिहिले होते.

मी तो लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो चूक शोधण्यासाठी. एखादे अंतर, एखादे नाव, एखादा नियम. काही तरी असेल म्हणून बोट ठेवत ओळीओळीने गेलो. एकही चूक नव्हती. समोर तो तोंडावर हात ठेवून, डोळे मोठे करून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळे."

त्या शनिवारी नवी पेठेतल्या त्या दुकानासमोर रस्ता अडला. वकीलसाहेब स्वतः आले होते, आणि म्हाताऱ्याचे उत्तर ऐकताना त्यांनी रुमालाने डोळे पुसले असे म्हणतात. असे म्हणतात, असे लिहितो, कारण मी गेलो नव्हतो. त्या संध्याकाळी मी घरी बसून माझ्या चार लेखांची कात्रणे काढली, वाचली आणि पुन्हा ठेवून दिली. तो विलायतेतला खेळाडू पुढे आणखी दोन हंगाम खेळला. कधी जिंकला, पुष्कळदा हरला. माझ्या मित्राचे सदर मात्र अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात तो घरी आला. निवडक लेखांचे पुस्तक निघते आहे. गोणपाटाचा लेखही त्यात चुकीसकट घ्यायचा आहे. "पहिलं पान तुमचं, अण्णा," तो म्हणाला. "हा खेळ मला तुम्ही शिकवलात. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाची प्रस्तावना मी घेणार नाही." माझी पत्नी चहा घेऊन आली होती. तीही म्हणाली, "लिहा की. किती वर्षं म्हणताय, लिहायचं लिहायचं म्हणून."

मी प्रस्तावना लिहून दिली. दोन पाने आहेत, मनापासून स्तुती केली आहे, आणि त्या बुधवारविषयी त्यात काहीही नाही. त्याने ती माझ्यासमोर उभ्या उभ्या वाचली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. त्याला उठवताना मला जे बोलता आले असते ते मी तेव्हाही बोललो नाही. आता इथे लिहितो आहे. तो सगळी मासिके वाचतो. हेही वाचील, आणि पहिल्या चार ओळींत मला ओळखील. तुम्ही त्याच्या जागी असता, तर हे कळावे असे तुम्हाला वाटले असते का?